रक्तातले लोह आणि चुंबक

मिहानच्या परिसरात कुठेही खोल खोदले की काळी माती संपते आणि काळा कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला तो लाव्हा आहे. त्यात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. या दगडाचा चुरा करून त्यावरून चुंबक फिरवला तर काळे कण उडी मारून चुंबकाला चिकटतात. शाळेत असताना रस्त्याच्या कडेच्या मातीतून हे कण गोळा करून कागदावर नाचवण्याचा उद्योग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला आहे.

आता त्याच मिहानमध्ये एम्सचे रुग्णालय उभे आहे. तिथे रोज रक्ताच्या शेकडो कुप्या भरल्या जात असतील. त्या रक्तातही लोह आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्याचा दोनतृतीयांशाच्या आसपास भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. पण रक्ताच्या कुपीजवळ आपला शाळेतला पट्टीचुंबक नेला तर काहीही होत नाही. दगडातले लोह चुंबकाकडे धावते आणि रक्तातले लोह त्याला ओळखही देत नाही.

हे असे का, हा प्रश्न वरकरणी शाळकरी वाटतो. मी गेली अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी तो विचारतो. त्याचे उत्तर शोधताना ज्या वाटेने जावे लागते ती लंडनमधून निघते, कोलकाता आणि ढाक्यावरून कॅलिफोर्नियाला जाते आणि शेवटी विदर्भातल्या घराघरांत येऊन थांबते. आपल्या वर्गाचाही त्या वाटेशी संबंध आहे. म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

तीन प्रकारची उत्तरे

बारावीला विज्ञान घेतलेल्यांना तीन शब्द आठवत असतील : लोहचुंबकीय, समचुंबकीय आणि प्रतिचुंबकीय. परीक्षेत फरक लिहिण्यापुरते आपण ते पाठ केले होते. त्यांचा अर्थ थोडक्यात असा.

प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक अतिशय छोटा चुंबक. बहुतेक पदार्थांत ते जोडीजोडीने राहतात. जोडीतल्या एकाचे तोंड वर तर दुसऱ्याचे खाली, त्यामुळे बेरीज शून्य. अशा पदार्थाजवळ चुंबक आणला की इलेक्ट्रॉनांच्या फिरण्यात किंचित बदल होतो आणि तो बदल नेहमी बाहेरच्या चुंबकाला विरोध करणारा असतो. त्यामुळे पदार्थ अगदी थोडासा दूर ढकलला जातो. हे प्रतिचुंबकत्व. पाणी, तांबे, सोने, लाकूड, मीठ, प्लास्टिक हे सगळे प्रतिचुंबकीय आहेत. हा विरोध किती क्षीण असतो? पाण्याच्या बाबतीत बाहेरच्या क्षेत्राच्या दहा लाखांत नऊ भाग, इतकाच.

काही पदार्थांत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहतो. त्याचे चुंबकत्व शिल्लक उरते आणि बाहेरचा चुंबक आला की तो त्या दिशेला वळू पाहतो. असा पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढला जातो. हे समचुंबकत्व. आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन समचुंबकीय आहे. रामटेककडच्या मनसरच्या खाणींतून निघणाऱ्या मँगनीजच्या पुष्कळशा खनिजांचाही याच गटात समावेश होतो.

तिसऱ्या गटात एकटे राहिलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंतल्या एकट्या इलेक्ट्रॉनांशी एकजूट करतात आणि लाखो अणू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. लोखंड, निकेल, कोबाल्ट हे त्यातले लोहचुंबकीय धातू. आपल्या काळ्या कातळातला मॅग्नेटाइटही सामान्य व्यवहारात तसाच वागतो. आपल्याच जिल्ह्यातल्या बेलडोंगरीला मँगनीजचे एक जोरदार चुंबकीय खनिज सापडले होते. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याला व्रेडेनबर्गाइट हे नाव दिले. मँगनीज आणि लोह यांची सरमिसळ कशी झाली आहे यावर चुंबकाला मिळणारे उत्तर किती बदलते, याचा तो घरचा नमुना.

यातली महत्त्वाची गोष्ट ही, की पदार्थात लोह आहे की नाही एवढ्यावर काही ठरत नाही. त्या लोहाचे इलेक्ट्रॉन एकटे आहेत की जोडीने, आणि एकटे असतील तर शेजाऱ्यांशी त्यांची एकजूट झाली आहे की नाही, यावर सगळे ठरते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे फक्त चार अणू असतात आणि ते एकमेकांपासून दूर बसवलेले असतात. त्यामुळे एकजुटीचा प्रश्नच येत नाही. रक्त लोखंडाच्या खिळ्यासारखे चुंबकाकडे का धावत नाही, याचे अर्धे उत्तर इथेच मिळाले. उरलेल्या अर्ध्या उत्तराला मात्र नव्वद वर्षे लागली.

फॅरडेची यादी

बिस्मथ हा धातू चुंबकापासून दूर सरतो हे हॉलंडच्या ब्रुगमन्स यांनी १७७८ मध्येच पाहिले होते. पण ती एक गंमत म्हणून राहिली. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी शिसे घातलेल्या जड काचेची कांडी एका ताकदवान विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगली. कांडी ध्रुवांच्या रेषेत न थांबता आडवी वळून थांबली. चुंबकाने तिला दूर ढकलले होते.

फॅरडे लोहाराचा मुलगा. औपचारिक शिक्षण जेमतेम, पण चिकाटी अशी की समोर दिसेल ती वस्तू त्यांनी दोऱ्याला बांधून टांगायला सुरुवात केली. मेण, साखर, स्टार्च, डिंक, लाकूड, हस्तिदंत, चामडे, सफरचंद, पाव, ताजे आणि वाळलेले मांस, आणि रक्त. ताजे रक्त आणि वाळलेले रक्तही. सगळ्यांनी एकच उत्तर दिले : आडवे. फॅरडे यांनी लिहून ठेवले की एखाद्या माणसाला पुरेशा नाजूकपणे टांगून चुंबकीय क्षेत्रात सोडता आले तर तोही आडवाच वळेल, कारण तो ज्या ज्या पदार्थांचा बनला आहे ते सगळे, रक्त धरून, याच गुणाचे आहेत. प्रतिचुंबकीय पदार्थांसाठी आज जगभर वापरात असलेली संज्ञाही त्यांचीच.

पुढे १८५० मध्ये त्यांनी ऑक्सिजन वायू चुंबकाकडे ओढला जातो हे साबणाच्या फुग्यांच्या साह्याने दाखवले. म्हणजे रक्तात लोह, आणि त्या लोहाला चिकटून वाहणारा ऑक्सिजन समचुंबकीय, तरी रक्त मात्र प्रतिचुंबकीय. कोडे वाढले. ते सोडवायला लागणारे अणूचे ज्ञानच त्या काळी नव्हते.

(फॅरडेची कल्पना अगदीच हवेत राहिली नाही. १९९७ मध्ये हॉलंडमधल्या नायमेखेन इथे आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय ताकदवान चुंबकाच्या पोकळीत एक जिवंत बेडूक तरंगत ठेवला. बेडकाच्या शरीरातल्या पाण्याच्या प्रतिचुंबकत्वाने त्याचे वजन तोलून धरले. बेडूक सुखरूप राहिला. पुढे २०१० मध्ये गाइम यांना वेगळ्या संशोधनासाठी नोबेल मिळाले.)

१९१० : नागपूर आणि शिकागो

१९१० साली चंद्रशेखर वेंकट रामन हे बाविशीतले अधिकारी वित्त खात्याच्या नोकरीत रंगूनहून बदली होऊन नागपूरला आले. इथे वर्षभरही राहिले नाहीत. १९११ मध्ये ते कोलकात्याला परतले आणि दिवसा हिशेब, सकाळ-संध्याकाळ प्रयोग असा त्यांचा क्रम सुरू राहिला. नागपूरच्या वाट्याला रामन इतकेच आले.

त्याच १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात दिसलेल्या विचित्र पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. रक्ताच्या लाल पेशी एरवी गोल चकतीसारख्या असतात. या रुग्णाच्या काही पेशी लांबट आणि विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. वैद्यकाच्या पुस्तकात सिकलसेलची नोंद इथून सुरू होते.

रामन आणि हेरिक यांना एकमेकांच्या कामाचे काही कारण नव्हते. पण दोन्ही वाटा पुढे एकत्र आल्या, आणि त्या जोडणारा दुवा रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन हे होते. १९२७ च्या सुमारास रामन आणि कृष्णन बेंझिनसारख्या द्रवांवर आणि स्फटिकांवर चुंबकाचा परिणाम अभ्यासत होते. १९२८ च्या फेब्रुवारीतला रामन परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षअखेरीस कृष्णन ढाका विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी प्रतिचुंबकत्वाचा प्रश्न हाती घेतला. साधन साधेच होते. क्वार्ट्झच्या केसाहून बारीक तंतूला छोटासा स्फटिक टांगायचा, चुंबकाच्या ध्रुवांमध्ये सोडायचा आणि तंतूला पीळ देत तो कुठल्या क्षणी उलटतो ते मोजायचे. गुहा आणि बॅनर्जी या सहकाऱ्यांबरोबरचे त्यांचे मोठे काम १९३३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले.

त्यातून दिसले ते असे. बेंझिन, नॅप्थालीन यांचे रेणू चपट्या कड्यांसारखे असतात. (नॅप्थालीन म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या.) अशा कड्याचे प्रतिचुंबकत्व सगळ्या दिशांनी सारखे नसते. कड्याच्या तोंडावर चुंबकीय क्षेत्र आले तर विरोध पुष्कळ, कडेने आले तर कमी. म्हणजे चुंबकावरून रेणूचा आकार आणि तो स्फटिकात कसा बसला आहे हे कळू शकते. रेणू कोणी पाहिलेला नव्हता, पण तो कसा वळतो त्यावरून त्याची बैठक सांगता येऊ लागली.

पॉलिंग आणि दोन प्रकारचे रक्त

कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग हे रसायनशास्त्रज्ञ कृष्णन यांच्या आकड्यांकडे बारकाईने पाहत होते. १९३६ मध्ये त्यांनी चपट्या कड्यांच्या प्रतिचुंबकत्वाचे स्पष्टीकरण मांडले आणि आपले गणित कृष्णन यांच्या मोजमापांशी ताडून पाहिले. त्याच वर्षी त्यांनी आणि चार्ल्स कोरिएल यांनी फॅरडेच्या कोड्याचा उरलेला अर्धा भाग सोडवला.

त्यांनी हिमोग्लोबिनचे द्रावण काचेच्या नळीत भरून तराजूला टांगले आणि नळीचे खालचे टोक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवले. चुंबक चालू केल्यावर वजन किती बदलते ते मोजले. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन पूर्णपणे प्रतिचुंबकीय निघाले. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन मात्र समचुंबकीय होते आणि त्याच्या प्रत्येक लोहअणूत चार इलेक्ट्रॉन एकटे आहेत असे हिशेबाने निघाले. ऑक्सिजनच्या रेणूत दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात. दोघे वेगळे असताना दोघेही समचुंबकीय, आणि एकत्र आले की सगळ्या जोड्या जुळून चुंबकत्व शून्य. त्या जोड्या नेमक्या कशा जुळतात यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला, पण मोजमाप पक्के होते.

थोडक्यात, धमनीतले लालभडक रक्त आणि शिरेतले गडद रक्त चुंबकाला वेगवेगळी उत्तरे देतात. फरक इतका लहान आहे की रक्तातल्या पाण्याचे प्रतिचुंबकत्व दोन्ही ठिकाणी वरचढ ठरते आणि एकूण रक्त आडवेच वळते. फॅरडेचे निरीक्षण खरे होते. आतला फरक पकडायला मात्र हिमोग्लोबिन वेगळे काढावे लागले.

या कामामुळे पॉलिंग यांच्या डोक्यात हिमोग्लोबिन कायमचे बसले. १९४५ मध्ये डॉक्टर विल्यम कॅसल यांच्याकडून त्यांनी ऐकले की सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी शिरेतल्या, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तात वाकड्या होतात आणि ऑक्सिजन मिळाला की पुन्हा गोल होतात. दुसऱ्या कुणी ऐकले असते तर पेशीचा विचार केला असता. पॉलिंग यांना वाटले, ऑक्सिजनने बदलणारी गोष्ट पेशीत एकच आहे, हिमोग्लोबिन. तेव्हा दोष रेणूत असणार. इटानो, सिंगर आणि वेल्स यांच्यासह त्यांनी १९४९ मध्ये विद्युतप्रवाहाच्या साह्याने सिद्ध केले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन वेगळेच असते. एका रेणूतल्या बदलाने रोग होतो हे पहिल्यांदाच दिसले. पुढे इंग्लंडच्या इन्ग्रम यांनी बदलाची नेमकी जागा शोधली : प्रथिनाच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. दाण्यांच्या माळेत फक्त एक दाणा वेगळा.

एवढ्याने काय होते? ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोर तयार करते. दोरांमुळे पेशी ताठ आणि वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. सांध्यांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. अशा पेशी लवकर मरतात, म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात.

कृष्णन यांच्या स्फटिकांचा धागा इथेही पुन्हा भेटतो. १९६५ मध्ये अमेरिकेत माकिओ मुरायामा यांनी विळ्यासारख्या झालेल्या पेशी चुंबकीय क्षेत्रात ठेवल्या आणि त्या क्षेत्राला काटकोनात आडव्या वळताना पाहिल्या. निरोगी गोल पेशीत हिमोग्लोबिनचे रेणू सगळीकडे तोंड करून विखुरलेले असतात. वाकड्या पेशीत ते दोरासारखे रांगेत बसतात, त्यामुळे लोह धरून ठेवणाऱ्या चपट्या चकत्यांचा दिशेनुसार बदलणारा गुण एकत्र येतो आणि अख्खी पेशी वळते. पेशीत रेणू रांगेत बसले आहेत याचा पुरावा चुंबकाने दिला. ढाक्याला नॅप्थालीनचा स्फटिक जसा वळत होता तसाच प्रकार.

विदर्भ

भारतात सिकलसेलचा शोध १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये लागला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. विदर्भात हा गुण पुष्कळ समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो एखाद्या जातीपुरता किंवा जमातीपुरता नाही. तो टिकला त्याला कारण आहे. ज्याच्याकडे एकच बदललेला जनुक असतो त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवले. जंगल आणि मलेरिया जिथे होते तिथे हा जनुक राहिला.

'लॅन्सेट'मध्ये छापून आलेली गोष्ट घराघरांत पोचायला फार वेळ लागतो. १९८६ साली आपण दहावीला होतो, तेव्हा ती आपल्या वर्गापर्यंत पोचली नव्हती.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, आपल्या तुकडीला ते सांगावे लागणार नाही. जी गावे पुढे मिहानसाठी गेली त्यांपैकी एका गावाहून तो सायकलने यायचा. थंडी पडली की त्याची गैरहजेरी सुरू व्हायची आणि एप्रिलच्या उन्हातही. हातपाय दुखतात, एवढेच तो सांगायचा. डोळे पिवळसर असायचे म्हणून घरचे कावीळ समजून झाडपाल्याचे औषध देत. विज्ञानाच्या सरांनी त्याला कवायतीच्या तासाला प्रयोगशाळेत बसायची मोकळीक दिली होती. तिथे तो चुंबकांच्या पेटीचा कारभार पाहायचा. पट्टीचुंबक जोडीने, उलटसुलट ध्रुव करून, टोकांना लोखंडी पट्ट्या लावून ठेवायचे हे आपल्यातल्या अनेकांना त्यानेच शिकवले. नाहीतर त्यांची ताकद उतरते, हे तो अगदी सरांच्या आवाजात सांगायचा. बारावीच्या वर्षी तो गेला. ताप आला आणि दोन दिवसांत संपला, इतकेच तेव्हा कळले.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या धाकट्या बहिणीची भेट झाली. तिच्या मुलाचा सिकलसेलचा तपासणी अहवाल तिच्या पिशवीत होता. डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली तेव्हा भावाची सगळी लक्षणे तिने सांगितली. थंडीत, उन्हात पाणी कमी पडल्यावर, तापात दुखणे उसळणे, पिवळे डोळे, अचानक आलेला शेवट. डॉक्टर म्हणाले, बहुधा तेच असणार. तो मुलगा आज औषधावर आहे, कॉलेजला जातो आणि बरोबर पाण्याची बाटली ठेवतो. मामाच्या आणि भाच्याच्या आयुष्यातला फरक एका तपासणीचा आहे.

मिहानमधला चुंबक

आज एमआरआयचे यंत्र म्हणजे सर्वसामान्य माणसाला भेटणारा सर्वांत ताकदवान चुंबक. अशा यंत्राचे क्षेत्र साधारणपणे १.५ टेस्ला असते, म्हणजे नागपुरात आपल्याभोवती असलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. त्याची वेटोळी उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात. इतक्या थंडीत ती अतिसंवाहक होतात आणि त्यांतून वीज अडथळ्याविना फिरत राहते. त्या खोलीत किल्ली, कात्री, ऑक्सिजनचे लोखंडी सिलिंडर नेणे जीवघेणे ठरू शकते.

मला अनेकांनी विचारले आहे, रक्तात लोह आहे तर ते यंत्र रक्त ओढून घेणार नाही का? नाही. वरचा सगळा इतिहास हेच सांगतो. रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नाही, आणि पाण्यासकट सगळे रक्त मिळून चुंबकाला किंचित नकारच देते. याच कारणाने 'रक्तातले लोह खेचून रक्ताभिसरण सुधारते' असे सांगत विकल्या जाणाऱ्या चुंबकी बांगड्या, गाद्या आणि पट्टे यांवर पैसे घालवू नका. दीड टेस्लाचा चुंबक जे करत नाही ते बांगडीतला चुंबक करणार नाही.

पॉलिंग यांनी मोजलेला तो बारीक फरक मात्र एमआरआयने कामाला लावला. ऑक्सिजन सोडलेले रक्त आजूबाजूच्या क्षेत्रात सूक्ष्म गडबड करते आणि ऑक्सिजन असलेले करत नाही. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवले की या फरकावरून मेंदूत कुठे काम चालू आहे ते चित्रात पाहता येते. सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूत काही वेळा लक्षणे न दिसताही रक्तपुरवठा तुटून इजा झालेली असते. तीही एमआरआयच्या चित्रातच सापडते. ज्या शेतांमधून तो सायकल चालवत शाळेत यायचा, त्या परिसरातच आता एम्स आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

आपल्यासाठी

आपल्या तुकडीतल्या बहुतेकांची मुले आता लग्नाच्या वयाची आहेत. काहींकडे पत्रिका छापायला गेल्या आहेत. म्हणून शेवटी हिशेब मांडतो.

ज्याच्याकडे एक बदललेला जनुक आहे तो वाहक. तो आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही, आणि तपासल्याशिवाय त्याला स्वतःलाही हे माहीत नसते. नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलचे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून सुटण्याची २५ टक्के. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल रुग्ण होत नाही, पण वाहक होऊ शकते. दोघेही वाहक निघाले म्हणजे लग्न मोडावे असे मुळीच नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, आणि मूल आजारी जन्मले तरी पहिल्या दिवसापासून काळजी घेता येते. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात. घात होतो तो न कळल्याने.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असे ठरले आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. रक्ताचे काही थेंब लागतात. आधी विरघळण्याची साधी चाचणी, आणि त्यात संशय आला तर पॉलिंग यांच्या गटाने वापरलेल्या तत्त्वावरची, हिमोग्लोबिन वेगळे करणारी दुसरी चाचणी.

घरात पत्रिका जुळवण्याची रीत असेल तर ती जुळवा. त्याच दिवशी दोघांना दवाखान्यातही पाठवा. आपल्या वर्गातल्या त्या मुलाच्या बहिणीने मला सांगितले, की तिच्या गावच्या पुनर्वसनातल्या वस्तीत आता लग्नाची बोलणी सुरू झाली की बायकाच आधी विचारतात, सिकलसेलचा कागद काढला का? आपल्या घरांतही हा प्रश्न तितक्याच सहज विचारला जावा. स्नेहसंमेलनाला भेटू तेव्हा मीही तो प्रत्येकाला विचारणार आहे.